सरकारी इमारतीत वाचवलेल्या विजेचे पैसे कोणाचे?

लेखाजोखा
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. कार्यालयाची वीजबिलं माझ्याच टेबलावरून पुढे जातात, त्यामुळे हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

वीज वाचवायच्या धोरणांची आपल्याकडे कमतरता नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा. २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो म्हणजे बीईई सुरू झालं. मोठ्या इमारतींसाठीची ईसीबीसी संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. त्याच वर्षी राज्याचं ऊर्जा संवर्धन धोरण आलं, त्यात पाच वर्षांत १००० मेगावॉट वाचवायचं उद्दिष्ट होतं. महाऊर्जा ही राज्याची ऊर्जा विकास संस्था आहे. १४ ते २० डिसेंबर ऊर्जा संवर्धन सप्ताह असतो, तेव्हा आम्ही सगळे शपथही घेतो.

माझा प्रश्न पुढचा आहे. समजा, आमच्या कार्यालयाने खरंच बिल कमी केलं. मग काय होतं?

'दूरध्वनी, वीज व पाणी' हे वेगळं लेखाशीर्ष आहे. त्यात शिल्लक राहिलेली रक्कम दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. मार्चच्या आधी ती समर्पित करायची म्हणजे शासनाला परत द्यायची, नाहीतर ३१ मार्चला व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. वर पुढच्या वर्षीची मागणी मागच्या तीन वर्षांच्या खर्चावर तपासली जाते, म्हणजे तरतूदही कापली जाते. दिवे-पंखे बदलायचे तर ते काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेचं, त्यांचा निधी वेगळा. खर्च एकाने करायचा, बिल दुसऱ्याचं कमी व्हायचं आणि पैसे तिसरीकडे जायचे. अशात वीज वाचवायची निकड नेमकी कोणाला वाटणार?

माझं मत: बचतीतली निम्मी रक्कम दोन-तीन वर्षं त्याच कार्यालयाकडे राहू द्यावी. त्यातून पिण्याच्या पाण्याचं यंत्र, अभ्यागतांसाठी बाकडी, उरलेले पंखे असं काहीही घेता यावं. तुमचे अनुभव सांगा.

खटकाबटण
+१. पण हा धागा मार्चएन्डला काढायचा होता. लेखा शाखेतले सगळे रात्री दहापर्यंत जागेच असतात, शंभर प्रतिसाद सहज पडले असते.

स्टार्टर
चांगला विषय. मी बांधकाम विभागाच्या विद्युत उपविभागातून निवृत्त झालो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

पैसे नसले तरी काम करता येतं, हे ईईएसएलने दाखवलं. ही केंद्र सरकारच्या ऊर्जा कंपन्यांची संयुक्त कंपनी. ती स्वतःचे पैसे घालून दिवे, पंखे, एसी बदलते आणि बिलात होणाऱ्या बचतीतून वसुली करते. २०१७पासून सरकारी इमारतींसाठी असा कार्यक्रम चालला आणि आपल्या बांधकाम विभागानेही त्यांच्याशी करार केला होता. घाऊक खरेदीमुळे दर किती पडतात, ते उजाला योजनेत दिसलंच. २०१४ मध्ये ३१० रुपयांना खरेदी होणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला.

आता हिशेब. जुनी ४० वॉटची ट्यूब तांब्याच्या चोकसह ५५च्या आसपास खाते, एलईडी ट्यूब २०. जुना छताचा पंखा ७५ वॉट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३०च्या आत. म्हणजे एका पंख्यामागे ४५ वॉट वाचले. कार्यालयात दिवसाला ८ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले, तर ९० युनिट. युनिटला १० रुपये धरा, ९०० रुपये झाले. पंखा अडीच-तीन हजारांचा, म्हणजे तीन वर्षांत वसूल.

हाच पंखा रुग्णालयाच्या वॉर्डात लावा. तिथे तो वर्षातले ३०० दिवस चोवीस तास फिरतो. ७,२०० तास, ३२४ युनिट, सव्वातीन हजार रुपये. पहिल्याच वर्षी वसूल! म्हणून आधी रुग्णालयं, पोलीस ठाणी, शासकीय वसतिगृहं घ्यावीत आणि दहा ते सहा चालणारी कार्यालयं नंतर, असं मी नोकरीत असताना कायम सांगत आलो. प्रत्यक्षात सुरुवात नेहमी साहेबांच्या दालनापासून व्हायची. सर्वांत कमी तास पंखा चालतो ती जागा तीच.

मोगरा_दारचा
बीएलडीसीचं सगळं खरं, पण रिमोटचं काय? आमच्या कार्यालयात सगळे रिमोट एका कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपाईदादांकडे. दोन दिवस पंखे एकच्या स्पीडवर.

स्टार्टर
@मोगरा_दारचा, भिंतीवरच्या बटणाने वेग बदलणारे बीएलडीसी पंखे मिळतात. बटण बंद करून पुन्हा चालू केलं की वेग बदलतो. सार्वजनिक जागेसाठी निविदेतच तसं लिहायचं, रिमोटची भानगडच नको.

नेमस्त
धागाकर्त्याशी असहमत. सरकारी कर्मचाऱ्याला वीज वाचवण्यासाठी पैशाचं आमिष कशाला? खुर्चीतून उठताना पंखा बंद करणं हे कर्तव्यच आहे. उद्या कागद वाचवला म्हणून त्याचेही निम्मे मागाल. आणि तिजोरीत परत गेलेले पैसे कुठे वाया जातात? त्यातूनच कुठेतरी रस्ता होतो, शाळा होते.

लेखाजोखा
@नेमस्त, पैसे कर्मचाऱ्याच्या खिशात जावेत असं मी म्हटलेलंच नाही. कार्यालयाला मिळावेत. दुपारी उन्हातून सातबारा दुरुस्तीला आलेला माणूस जिथे तासभर उभा राहतो, तिथे बाकडं आणि पंखा व्हावा. पंखा बंद करणं कर्तव्य आहे, हे मान्य. पण बिलातला मोठा भाग बटणाने कमी होतच नाही. मंजूर भार (वीज कंपनीकडून एका वेळी जास्तीत जास्त किती घ्यायचं त्याची ठरलेली मर्यादा) तपासणं, जुनी वायरिंग बदलणं, छतावर उष्णतारोधक थर देणं या कामांसाठी कोणीतरी फाईल उघडावी लागते, चार ठिकाणी पाठपुरावा करावा लागतो. फायदा शून्य आणि लेखापरीक्षणात आक्षेप मात्र आपल्या नावावर, अशी स्थिती असेल तर ती फाईल कोण उघडेल?

वॉर्ड_नंबर_चार
मंजूर भाराचं लेखाजोखा यांनी लिहिलं म्हणून सांगते. मी एका शासकीय रुग्णालयात परिचारिका होते. आमच्याकडे उच्चदाब जोडणी होती, मंजूर मागणी म्हणजे ठरलेला भार २०० केव्हीए (भाराचं एकक). नवीन आलेल्या एका लिपिकाने जुनी बिलं काढून बघितली, तर मीटरवर नोंदलेली कमाल मागणी ८५च्या वर कधी गेलेलीच नव्हती. मागणी आकार कमाल मागणीवर लागतो, पण तो मंजूर मागणीच्या ठराविक टक्क्यांच्या खाली येत नाही. म्हणजे न वापरलेल्या क्षमतेचे पैसे रुग्णालय दरमहा भरत होतं. त्याने अर्ज करून मागणी कमी करून घेतली. ना दिवा बदलला ना पंखा, तरी बिल उतरलं.

एक विनंती मात्र करते. रुग्णालयात वीज बचतीचं परिपत्रक आलं की आधी वॉर्डातले दिवे निम्मे केले जातात. रात्री सलाईनची शीर शोधताना आम्हाला मोबाईलचा टॉर्च धरावा लागलाय. प्रसूतिगृह, लसींचा फ्रीज, अतिदक्षता विभाग इथे हात लावू नका. तिथे वाचवायचंच असेल, तर यंत्रं चांगली द्या.

स्टार्टर
@वॉर्ड_नंबर_चार, तुमचा तो लिपिक लाखात एक. आणखी एक गोष्ट तिथेच बघायची असते, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा. एप्रिल २०२०पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की तेवढ्याच कामाला जास्त युनिट लागतात. पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटरचं पॅनेल बहुतेक ठिकाणी बसवलेलं असतं. त्यातले निम्मे कपॅसिटर फुगलेले किंवा फ्यूज उडालेले असतात आणि ते बदलण्याचा खर्च एका महिन्याच्या नुकसानीइतकाही नसतो. पॅनेलचं दार उघडून बघितलं की पुरे. काळवंडलेला, पोट आलेला डबा लगेच ओळखू येतो.

चिरेबंदी
वास्तुरचनाकार म्हणून माझं म्हणणं असं की, तुम्ही सगळे इमारत बांधून झाल्यानंतरचं बोलताय. निम्मं बिल नकाशावरच ठरतं.

ईसीबीसी लागू होते १०० किलोवॉट जोडलेल्या भाराला किंवा १२० केव्हीए मंजूर मागणीला. तालुक्याचं कार्यालय, पोलीस ठाणं, प्राथमिक आरोग्य केंद्र यातलं बहुतेक काही त्यात बसत नाही. २०२२च्या कायदादुरुस्तीने राज्यांना ही मर्यादा खाली आणायची मुभा दिलीय. निदान सरकारी इमारतींपुरती तरी ती वापरावी. मालक सरकार, बांधणारं सरकार, बिल भरणारं सरकार. अडचण कुठे आहे?

आता नव्या प्रशासकीय इमारती बघा. पश्चिमेला मजलाभर काच, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आवरण. दुपारी दोननंतर आत बसवत नाही, म्हणून जाड पडदे लावतात, पडदे लावले की अंधार होतो, म्हणून दिवे लावतात आणि दिवे लावूनही उकडतं म्हणून एसी. शेजारची जुनी दगडी कचेरी बघा: जाड भिंती, उंच छत, चारी बाजूंनी व्हरांडा, दारांवर झरोके. मे महिन्यातही तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये बरं वाटतं. दगडी बांधकाम परत करा असं मी म्हणत नाही, परवडणारही नाही. पण पश्चिमेला छोट्या खिडक्या, त्यावर सज्जा आणि वरच्या छताला पांढरा परावर्तक थर यासाठी कुठली परदेशी तंत्रविद्या लागते? तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छत धोरण आणलं आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचं केलं. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा तेलंगणापेक्षा सौम्य नाही.

दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन बघून या, २०१४ मध्ये सुरू झालं. केंद्र सरकारचंच मंत्रालय आहे. मधोमध मोकळं अंगण, छतावर ९३० किलोवॉट सौर. म्हणजे सरकारला जमत नाही असं अजिबात नाही.

खटकाबटण
'जाड पडदे आणि आत दिवे' हे वाचताना मी मान वर करून बघितलं. अकरा वाजलेत. पडदा बंद, ट्यूब चालू. उठून पडदा उघडला आहे.

मोगरा_दारचा
अवांतर: एसी २४वर ठेवायचं सरकारी बंधन आहे ना? आमच्याकडे १८वर असतो आणि मॅडम शाल घेऊन बसतात.

स्टार्टर
जानेवारी २०२०पासून स्टार असलेले खोलीचे एसी सुरू होताना २४वर सुरू व्हायला हवेत, एवढाच नियम आहे. नंतर हाताने कमी करता येतं. बीईईच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. १८वरून २४वर गेलात तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. शाल लागत असेल तर बचत आणि आरोग्य दोन्ही एकाच बटणात आहे.

काठावरचा_कवडसा
जपानमध्ये २००५ मध्ये 'कूल बिझ' मोहीम काढली. सरकारी कार्यालयात एसी २८वर आणि कर्मचाऱ्यांना टाय-कोट न घालण्याची सूट. पोशाख बदलल्याशिवाय तापमान बदलत नाही, हे त्यांना समजलं. आपल्याकडे तर सुती सदरा हाच पोशाख आहे.

नेकारकाठ
मी स्टुटगार्टला राहते. मुंबईशी या शहराचं भगिनी-नातं १९६८पासून आहे, म्हणून आगाऊपणे लिहिते. धाग्याचा जो मूळ प्रश्न आहे, त्याचं एक उत्तर या महापालिकेने १९९५ मध्येच काढलंय.

पद्धत अशी. पालिकेच्या पर्यावरण विभागाकडे एक निधी असतो. समजा, शाळा विभागाला एका शाळेचा बॉयलर किंवा दिवे बदलायचे आहेत. पैसे पर्यावरण विभाग देतो, बिनव्याजी. मग दरवर्षी बिलात जितकी बचत होईल, तितकी शाळा विभाग आपल्या ऊर्जाखर्चाच्या तरतुदीतून पर्यावरण विभागाला परत करतो. मूळ खर्च फिटला की पुढची सगळी बचत शाळा विभागाची. परत आलेले पैसे पुढच्या इमारतीला. ईईएसएलसारखंच, पण बाहेरची कंपनी मध्ये नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात, फक्त दोन्ही खिशांचा हिशेब लिहिलेला असतो.

आणि हँबर्गच्या शाळांमध्ये १९९४पासून 'फिफ्टी-फिफ्टी' आहे. मुलांनी आणि शिक्षकांनी सवयी बदलून जी ऊर्जा वाचवली, तिच्या पैशातला वाटा शाळेला मिळतो. लेखाजोखा, तुमची सूचना जवळपास हीच आहे!

हेही सांगते की सक्तीचा अनुभवही इथे आहे. २०२२च्या सप्टेंबरपासून, गॅसची टंचाई होती तेव्हा, सार्वजनिक कार्यालयांत तापमान १९ अंशांवर आणलं, व्हरांडे गरम करणं थांबलं, हात धुवायचं गरम पाणी बंद झालं. लोकांनी स्वेटर घालून काम केलं. टंचाईच्या काळात सगळे तयार होतात. पण ती सवय पुढे टिकवायची तर निधीची अशी व्यवस्था लागते, असं मला वाटतं.

नेमस्त
@नेकारकाठ, ही माहिती नवीन आहे, धन्यवाद. निधी फिरता असेल आणि हिशेब लिहिलेला असेल, तर माझा विरोध बराच मावळतो. वाटणीला माझा अजूनही आक्षेप आहे, पण आधी वसुली आणि मग उरलेलं कार्यालयाला, हे पटतं.

फळा_खडू
जिल्हा परिषदेच्या शाळेतून लिहितो. आमच्याकडे परिस्थिती बरोबर उलटी आहे. सरकारी इमारत आहे, पण बिल वेळेवर भरायला निधी नाही. डिजिटल शाळा झाली, प्रोजेक्टर आला, संगणक आले, आणि बिल थकलं म्हणून मीटर गेला. शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो परत आणला. त्यानंतर मुलांनीच नियम केला: प्रत्येक वर्गाचा एक वीजमित्र, सुट्टीची घंटा झाली की तो बटणं बघतो. चौथीतली एक मुलगी रोज मीटरचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. शनिवारी वजाबाकी करते. गणिताचा पाठही होतो आणि आकडा वाढला की ती मलाच जाब विचारते, "सर, काल तुमच्या खोलीतला पंखा चालू होता का?"

तेव्हा @नेमस्त, वाचलेले पैसे आपलेच आहेत हे माहीत असलं की माणूस किती बारकाईने बघतो, ते मी रोज बघतोय.

गच्चीवरचा_सूर्य
इतकी चर्चा कशाला? छतावर सौर पॅनेल लावा, विषय संपला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सरकारी इमारतींवरही सौर बसवायचं धोरण आहेच.

चिरेबंदी
विषय संपत नाही. आधी गळती बंद करा, मग टाकी भरा. दिवे-पंखे बदलून भार निम्मा झाला, तर पॅनेलही निम्मेच लागतात. उलट क्रमाने केलं तर वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल विकत घेतल्यासारखं होतं. आणि पॅनेल धुणार कोण, ते आधी लिहून ठेवा. धूळ बसलेली, कबुतरांनी घाण केलेली पॅनेल मी किती सरकारी गच्च्यांवर बघितलीत!

गच्चीवरचा_सूर्य
धुण्याचा मुद्दा मान्य. पण दोन्ही कामं एकाच निविदेत घेता येतील. क्रमाची वाट बघत बसलो तर दहा वर्षं जातील.

मोगरा_दारचा
जुन्या पंख्यांचं काय करायचं, हे कोणीच सांगितलं नाही. आमच्या स्टोअरमध्ये पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येक पंखा जडवस्तू नोंदवहीत आहे.

लेखाजोखा
निर्लेखनाचा, म्हणजे जुनी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा प्रस्ताव करावा लागतो: विद्युत शाखेचा नादुरुस्ती किंवा कालबाह्यतेचा दाखला, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, मग लिलाव. नवे पंखे घेण्याच्या प्रस्तावातच जुन्यांचं निर्लेखन जोडून टाका. दोन्हीवर एकदमच सही होते. तसं केलं नाही, तर चांगल्या स्थितीतला जुना पंखा कोणीतरी दुसऱ्या खोलीत लावतो आणि बचत तिथेच संपते. हे मी बघितलंय.

घरपट्टी
मी नगरपरिषदेत लेखापाल आहे. मूळ प्रश्नाकडे परत येऊ.

लेखाजोखा यांची अडचण राज्य शासनाच्या कार्यालयांची आहे. तिथे पैसा कोषागारातून येतो, म्हणून बचत ठेवून घ्यायची तर वित्त विभागाचा शासन निर्णय लागेल. पण नगरपरिषद, महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्याकडे स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःचं अंदाजपत्रक असतं. नेकारकाठ यांनी सांगितलेला फिरता निधी आमच्याकडे सर्वसाधारण सभेच्या ठरावाने अंदाजपत्रकात दाखवता येईल असं माझं मत आहे. सुरुवात फक्त इमारतींपासून करू नका, एवढंच सांगेन. आमच्या बिलात सर्वांत मोठा वाटा पाणीपुरवठ्याच्या पंपांचा, मग पथदिव्यांचा. कार्यालय त्यांच्यापुढे किरकोळ. जुना पंप बदलला की निधी लवकर परत येतो, त्या पैशातून मग शाळा-दवाखान्यांच्या इमारती घ्यायच्या.

स्टार्टर
@घरपट्टी, अगदी योग्य. लागली मदत तर मी आहे.

लेखाजोखा
सर्वांचे आभार. @घरपट्टी, ठरावाचा मसुदा इथे टाकाल का? आमच्या पंचायत समितीच्या एका सदस्यांना हा विषय पटला आहे, ते जिल्हा परिषदेत तो मांडायला तयार आहेत. @स्टार्टर, ठरावासोबत कोणती माहिती जोडावी?

स्टार्टर
प्रत्येक जोडणीची मागच्या बारा महिन्यांची बिलं. त्यातून चार रकाने काढा: युनिट, मंजूर भार, नोंदलेली कमाल मागणी, पॉवर फॅक्टर. स्मार्ट मीटर बसला असेल तर रात्रीचा वापर वेगळा काढा. कार्यालय बंद असताना मीटर किती फिरतो ते बघाल तेव्हा सभागृहाला वेगळं समजावावं लागणार नाही. मग इमारतीचं चटईक्षेत्र, म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट ते निघेल आणि इमारतींची आपसात तुलना करता येईल. शेवटी दिवे, पंखे, एसी यांची मोजणी, आणि प्रत्येकापुढे तो दिवसाला किती तास चालतो ते. तासांचा रकाना विसरू नका, क्रम त्यावरच ठरतो.

घरपट्टी
मसुदा रविवारपर्यंत टाकतो. परतफेडीचं कलम आणि निर्लेखनाचं कलम दोन्ही घेतो. @नेकारकाठ, बचत मोजताना उन्हाळा कडक असेल किंवा खोल्या वाढल्या असतील तर तुमच्याकडे हिशेब कसा जुळवतात? लेखापरीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

नेकारकाठ
हिवाळा कडक की सौम्य, त्याप्रमाणे आकडा सुधारून घेतात. बाकीचे तपशील वाचून उद्या लिहिते.